समुद्र जाणणाऱ्यांसाठी एक खुर्ची

सागरी विज्ञानात संशोधन करणाऱ्या तरुणांवर देश पैसे खर्च करतो. पण किनाऱ्याविषयीचे निर्णय जिथे होतात तिथपर्यंत त्यांना नेणारी वाट आपण अद्याप बांधलेली नाही. या उणिवेची किंमत मच्छीमार वस्त्या मोजतात.

चेन्नईतील टी. नगर साड्या, सोने आणि गर्दी यांसाठी देशभर ओळखले जाते. निवृत्तीनंतर मी याच भागात, पनगल पार्कपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो. माझे घर तळ्यात आहे असे मी पाहुण्यांना सांगतो, तेव्हा ते हसतात. पण तो विनोद नाही. १९२०च्या दशकापर्यंत इथे मांबलमचे तळे होते, नुंगमबाक्कमपासून सैदापेटच्या दिशेने पसरलेल्या ‘लाँग टँक’चा भाग. ते बुजवून, जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाने ही वसाहत आखली गेली. रेल्वेमार्गाच्या पलीकडे, पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ आजही आहे. तळे मात्र कुठे दिसत नाही. ते दिसले डिसेंबर २०१५मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२१मध्ये, जेव्हा पाणी आपल्या जुन्या जागी परत आले. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा कचेरीत नकाशावर ओढलेल्या एका रेघेचा हिशेब त्या दिवसांत माझ्या तळमजल्यावर गुडघाभर पाण्याच्या रूपाने चुकता होत होता.

किनाऱ्याच्या प्रश्नाकडे मी याच घरातून पाहायला शिकलो. समुद्र इथून पाच-सहा किलोमीटर पूर्वेला आहे, पण ऐन पावसात भरती आली की शहराचे पाणी त्याच्यात उतरत नाही आणि आमच्या गल्लीलाही त्याची जाणीव होते. तरीही हा विषय मला खऱ्या अर्थाने समजावला तो माझ्या घराच्या वरच्या खोलीत साडेचार वर्षे भाड्याने राहिलेल्या एका मुलीने.

ती रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किनाऱ्यावरची. दर पावसाळ्यात बंधाऱ्याचे दगड समुद्र ओढून नेतो आणि दर उन्हाळ्यात नवे दगड येऊन पडतात, हे पाहत ती वाढली. वडील आणि काका मासेमारीत. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर किनाऱ्याची धूप व तिचा मासेमारीवरील परिणाम या विषयावर पीएच.डी. करण्यासाठी चेन्नई, असा तिचा प्रवास. माझ्या पत्नीला ती पहिल्याच दिवशी ‘मामी’ म्हणाली. हा शब्द तमिळ आणि मराठी दोन्हींत असल्याने परकेपणाचा अर्धा भाग तिथेच संपला. मला मात्र ती शेवटपर्यंत ‘सर’च म्हणत राहिली.

तिला अधिछात्रवृत्ती होती. कनिष्ठ संशोधकाला महिना ३१ हजार रुपये. जानेवारी २०२३पासून ती रक्कम ३७ हजार झाली आणि वरिष्ठ टप्प्यावर ४२ हजार. कागदावर हे वाईट नाही. पण ज्या संस्थेकडून पैसे यायचे, तिच्याकडून ते कधी तीन महिन्यांनी, तर एकदा सात महिन्यांनी आले. त्या काळात तिने घरभाडे थकवू नये म्हणून शेजारच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. भाड्याचे राहू दे, असे मी म्हटले, तर ती म्हणाली, ‘‘सर, आमच्याकडे मासा मिळाला नाही तरी डिझेलवाल्याचे पैसे ठेवावे लागतात.’’ किनाऱ्यावर वाळू मोजण्यासाठी लागणारी भाड्याची होडी मात्र उधारीवर मिळत नसे. पौर्णिमा-अमावास्येची मोजमापे चुकली की पुढच्या उधाणाची वाट पाहायची, आणि ईशान्य मोसमी पावसाचा हंगाम चुकला की पूर्ण वर्षाची. अधिछात्रवृत्तीला उशीर झाला म्हणून समुद्र थांबत नाही, एवढी साधी गोष्ट लेखा विभागाला कळत नव्हती.

गेल्या वर्षी तिचा प्रबंध पूर्ण झाला आणि तिच्यासमोर दोन पत्रे आली. एक परदेशी विद्यापीठाचे, दोन वर्षांच्या संशोधनासाठी. दुसरे एका सल्लागार कंपनीचे. ही कंपनी बंदरे, जेट्टी आणि किनारी रस्ते यांच्यासाठी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचे अहवाल तयार करते. तिसरे पत्र, म्हणजे जिच्या पैशावर ती शिकली त्या शासनव्यवस्थेचे, कुठूनच आले नाही. तिच्या ज्ञानाला शोभेल असे पदच तिथे नव्हते.

मी केलेली एक सही

हा रितेपणा मला आतून माहीत आहे, कारण मी त्याच व्यवस्थेत काम केले. नोकरीच्या मधल्या काळात मी एका किनारी जिल्ह्यात होतो. एका गावाची घरे समुद्रात जात होती, लोक रस्त्यावर आले होते. वाळू अडवण्यासाठी समुद्रात काढायच्या दगडी बांधांचा प्रस्ताव माझ्यासमोर आला. अंदाजपत्रक होते, निविदेचा मसुदा होता, लोकप्रतिनिधीचे पत्र होते. मी सही केली. गाव वाचले, मला हारही घातला गेला. तीन वर्षांनी त्याच्या उत्तरेकडच्या गावातून शिष्टमंडळ आले, कारण आता त्यांची घरे जात होती. त्यांच्यातील एका वृद्धाने शांतपणे विचारले, ‘‘साहेब, त्यांना दिलेली वाळू कोणाच्या वाट्याची होती?’’

या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाकडे त्याही वेळी होते. पूर्व किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब केला तर लाटांबरोबर वाळू प्रामुख्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. तिच्या वाटेत बांध घातला की दक्षिणेला ती साचते आणि उत्तरेचा किनारा उपाशी राहतो. याचा सर्वांत मोठा धडा चेन्नई शहरातच आहे. मद्रास बंदराचे बांधकाम १८७०च्या दशकात सुरू झाले. त्याच्या दक्षिणेस वाळू साचत गेली आणि आज हजारो लोक संध्याकाळी फिरायला येतात तो मरीनाचा रुंद पट्टा बव्हंशी त्यातून तयार झाला. बंदराच्या उत्तरेस, रोयापुरमपासून पुढे, किनारा खचत गेला, दगडी भिंती उभ्या राहिल्या आणि मच्छीमारांच्या वस्त्या मागे सरकत गेल्या. शहराने मरीनाची छायाचित्रे काढली. रोयापुरमचा हिशेब कोणी मांडला नाही. जिल्ह्याच्या कचेरीतील माझ्या टेबलावर मात्र हे सांगणारे कोणी नव्हते आणि मला विचारण्याचेही सुचले नाही. ती चूक माझीच होती. पण ज्या व्यवस्थेत असा प्रश्न विचारण्याची जबाबदारीच कोणाची नसते, तिथे तीच चूक माझ्यानंतर त्या खुर्चीत येणाराही करतो.

एकट्या पूर्व किनाऱ्याची ही गोष्ट नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांचा अभ्यास केला, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे ३४ टक्के भागाची धूप होत असल्याचे आढळले. म्हणजे माहिती आहे. ती सरकारी संस्थेनेच गोळा केलेली आहे. ती फाइलपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

ज्ञान इथे, निर्णय तिथे

सुरुवात अशी नव्हती. देशातील पहिल्या प्रांतिक मत्स्य खात्याचा पाया १९०७मध्ये याच मद्रासमध्ये घातला गेला. त्यामागे होते सर फ्रेडरिक निकल्सन हे सनदी अधिकारी, ज्यांनी जपानची मासेमारी स्वतः जाऊन अभ्यासली होती. साम्राज्याचे हितसंबंध त्यांच्या कामातून वगळता येत नाहीत, तरी अभ्यास करणारा आणि निर्णय घेणारा तिथे एकच माणूस होता. स्वातंत्र्यानंतर संस्था उभ्या राहिल्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७मध्ये स्थापन झाली. वर्सोव्याची मत्स्यशिक्षण संस्था १९६१मध्ये निघाली, तीही मुळात राज्यांच्या मत्स्य अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्यासाठी. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १९६६मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. १९९३मध्ये चेन्नईत राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आली आणि तीच आज माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारे यान तयार करत आहे. २०२१मध्ये मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेसाठी पाच वर्षांकरिता ४,०७७ कोटी रुपयांची तरतूद झाली. तेव्हा समुद्राच्या विज्ञानाकडे देशाने पाठ फिरवली असे म्हणता येणार नाही.

दुसऱ्या बाजूला किनाऱ्याचे कायदे घडत आणि बिघडत गेले. नोव्हेंबर १९८१मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. त्या पत्राला कायद्याचे रूप येण्यास दहा वर्षे गेली. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना निघाली. पुढच्या दोन दशकांत तिच्यात वीसहून अधिक दुरुस्त्या झाल्या. २०११मध्ये नवी अधिसूचना आली, २०१९मध्ये आणखी एक. या शेवटच्या अधिसूचनेने, जिथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१पेक्षा अधिक आहे अशा ग्रामीण किनाऱ्यावरचा ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. घनतेचा हा आकडा लोकसंख्येचा आहे. त्या ५० मीटरमध्ये वाळू किती सरकते, उधाण कुठवर येते, रापणीची जाळी कुठे वाळतात, याचा त्या आकड्याशी संबंध काय, हे विचारणारा माणूस निर्णयाच्या खोलीत हवा होता.

राज्यांमध्ये किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणे आहेत आणि त्यांत नामवंत तज्ज्ञही असतात. पण ते मुख्यतः बैठकीपुरते येतात आणि प्रकल्पाचा अहवाल पूर्ण झाल्यावर तो वाचतात. तो अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराचे शुल्क प्रकल्पाचा प्रवर्तकच देतो. २०११च्या अधिसूचनेने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समित्या सांगितल्या आणि त्यांत पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावेत अशी अट घातली. अट चांगली आहे. परंतु सहाशे पानांचा इंग्रजी अहवाल आणि रंगीत नकाशे समोर ठेवल्यावर त्या तीन प्रतिनिधींच्या बाजूने ते वाचून दाखवणारा कोणी त्या खोलीत नसतो.

मुंबईच्या वाचकांना वरळीचे उदाहरण आठवत असेल. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधून मासेमारी होड्यांना जाण्यासाठी ६० मीटरचे अंतर पुरेसे आहे, अशी सुरुवातीला अधिकृत भूमिका होती. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमार सांगत होते की वारा आणि लाटा आडव्या आल्या तर इतक्या जागेतून होडी सुखरूप निघणार नाही. दीर्घ आंदोलनानंतर, डिसेंबर २०२२मध्ये, हे अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. म्हणजे आराखड्याच्या वेळी जी गोष्ट काही दिवसांच्या संवादात कळली असती, ती कळण्यासाठी वर्षे गेली, काम अडले आणि कटुता वाढली. आता पालघरमध्ये ७६,२२० कोटी रुपयांचे वाढवण बंदर उभे राहत आहे. तिथल्या मच्छीमारांच्या शंका बरोबर की प्रकल्पाचे दावे बरोबर, यावर इथे निवाडा करण्याचा माझा इरादा नाही. एवढ्या मोठ्या निर्णयात दोन्ही बाजूंचे कागद त्रयस्थपणे वाचू शकणारे किती लोक शासनाच्या पगारावर आहेत, इतकेच मला विचारायचे आहे.

इतरांनी काय केले

अमेरिकेने हा प्रश्न १९६०च्या दशकात ओळखला. शेतीसाठी जशी भूदान विद्यापीठे, म्हणजे शासनाने जमिनी देऊन उभारलेली विद्यापीठे, तशी समुद्रासाठी विद्यापीठांची साखळी हवी, या कल्पनेतून १९६६मध्ये ‘सी ग्रँट’ कार्यक्रमाचा कायदा झाला. १९७९पासून त्या कार्यक्रमाखाली एक अधिछात्रवृत्ती दिली जाते. समुद्रशास्त्रज्ञ जॉन नॉस यांचे नाव तिला आहे. सागरी विषयांत पदव्युत्तर किंवा पीएच.डी. शिक्षण घेणारे विद्यार्थी एक वर्ष वॉशिंग्टनमध्ये काम करतात. काही लोकप्रतिनिधींच्या आणि संसदीय समित्यांच्या कार्यालयांत, काही प्रशासनाच्या खात्यांत. ते निर्णय घेत नाहीत. ते टिपणे काढतात, प्रश्न तयार करतात, शास्त्रज्ञाला काय म्हणायचे आहे ते अधिकाऱ्याला समजावतात आणि अधिकाऱ्याची अडचण शास्त्रज्ञाला. २०१७मध्ये तिथल्या अध्यक्षांच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात सी ग्रँटचा निधी पूर्णपणे काढून घेण्याचे सुचवले गेले, तेव्हा काँग्रेसने तो कायम ठेवला. हे विद्यार्थी वर्षानुवर्षे ज्यांच्या कार्यालयांत काम करून गेले होते, त्याच सभागृहांचा तो निर्णय होता.

आपल्या शेजारचेही एक नाव या इतिहासात आहे. सागरी कायद्याच्या जागतिक परिषदेचे अध्यक्षपद भूषवलेले श्रीलंकेचे मुत्सद्दी हॅमिल्टन शर्ली अमरसिंघे यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रांनी सागरी कायद्याच्या अभ्यासासाठी अधिछात्रवृत्ती सुरू केली.

भारताला अशी कल्पना परकी नाही. तरुण पदवीधरांना खासदारांसोबत काम करण्याची संधी देणारी ‘लॅम्प’ अधिछात्रवृत्ती २०१०पासून चालू आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री फेलोशिप आहे. तमिळनाडूने जिल्हाधिकाऱ्यांसोबत हवामान आणि पर्यावरणाच्या कामासाठी हरित फेलो नेमले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या खारफुटी प्रतिष्ठानामार्फत सागरी विषयांच्या परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्तीही दिली जाते. सगळे सुटे भाग आपल्याकडे आहेत. समुद्राचा अभ्यास केलेल्या माणसाला किनाऱ्याच्या निर्णयाशी जोडणारा दुवा तेवढा नाही.

शंका आणि एक प्रस्ताव

जुन्या सहकाऱ्यांशी बोललो तेव्हा दोन आक्षेप ऐकायला मिळाले आणि दोन्ही गांभीर्याने घ्यावेत असे आहेत. पहिला असा की, फेलो म्हणजे कायम पदे न भरण्याची स्वस्त पळवाट. मत्स्य आणि पर्यावरण खात्यांत रिक्त जागा असताना दोन वर्षांच्या करारावर तरुणांना राबवून घेणे ही सुधारणा नव्हे. हे खरे आहे. म्हणून या अधिछात्रवृत्तीनंतर राज्यांच्या किनारा प्राधिकरणांत काही पूर्णवेळ वैज्ञानिक पदे निर्माण केली नाहीत, तर ती योजना सुरूच करू नये. दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा: सत्तेच्या जवळ गेलेला संशोधक सत्तेला हवे ते बोलू लागतो. ही भीतीही निराधार नाही. तिच्यावर उपाय एकच, फेलोचे प्रत्येक टिपण ठरावीक मुदतीनंतर जनतेला खुले असले पाहिजे आणि त्याची भाषा त्या राज्याची असली पाहिजे.

देशात नऊ किनारी राज्ये आणि चार किनारी केंद्रशासित प्रदेश आहेत. प्रत्येकी चार फेलो धरले तरी ५२ जण होतात. प्रत्येकाला महिना ७५ हजार रुपये दिले तर वर्षाचा खर्च पाच कोटींच्या आत राहतो. दोन वर्षांपैकी पहिले सहा महिने त्यांनी एखाद्या कोळीवाड्यात किंवा कुप्पममध्ये राहावे. वारा, प्रवाह आणि वाळू यांविषयी तिथल्या जुन्या मच्छीमारांना जे ठाऊक असते, त्याची नोंद विद्यापीठातील शिक्षणाइतकीच महत्त्वाची मानावी. पुढचे वर्ष राज्याच्या किनारा प्राधिकरणात, जिल्हा समितीत किंवा विधिमंडळाच्या समितीसोबत. शेवटचे सहा महिने लेखनासाठी. २०१०च्या सागरी मत्स्यगणनेनुसार देशात ३,२८८ मच्छीमार गावे आणि सुमारे ४० लाख मच्छीमार लोकसंख्या आहे. या घरांतील मुला-मुलींसाठी निम्म्या जागा राखून ठेवाव्यात. आणि विद्यावेतन महिन्याच्या पहिल्या तारखेला मिळावे. ही शेवटची अट सर्वांत क्षुल्लक वाटेल, पण घरची ऐपत असलेल्यांनाच संशोधन परवडावे असे आपल्याला वाटत नसेल, तर सर्वांत आधी तीच पाळावी लागेल.

वरच्या खोलीतील मुलीने शेवटी सल्लागार कंपनीची नोकरी घेतली. धाकट्या भावाचे शिक्षण राहिले होते, वडिलांच्या होडीचे कर्ज होते. परदेशी जाणे तिला शक्य नव्हते. तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी किल्ली द्यायला ती खाली आली, मामीने तिच्या हातात डब्यातला मुरुक्कू ठेवला, आणि मी, निवृत्त माणसांना सवय असते तसा, उपदेश केला की अहवाल प्रामाणिकपणे लिही.

‘‘मी खराच लिहीन, सर,’’ ती म्हणाली. ‘‘पण समोरच्या टेबलावर तो वाचून त्यात काय राहिले आहे हे विचारणारे कोणी असेल का?’’

मी काही बोललो नाही. त्या टेबलामागे मी बसलो होतो, आणि तेव्हा माझ्याजवळ तसे कोणी नव्हते.